ओर्फिलिया मावशीचं शाबूत डोकं

ओर्फिलिया मावशी गेली त्या सकाळी मी आधी रडले नाही, आधी फोन लावला. तशी तिची सक्त ताकीद होती. "रडायला आख्खा जन्म पडलाय," ती म्हणायची, "माझं डोकं मात्र शिळं झालं की कुणाच्या कामाचं नाही. आधी लुसेलीला फोन, मग काय गळे काढायचे ते काढा."

लुसेली ही मेदेयीन शहरातल्या मेंदूपेढीतली नर्स, मेलेल्यांचे मेंदू अभ्यासाला ठेवतात तिथली. तिचा नंबर आमच्या आल्तोबिएंतो गावात दर दोन-तीन घरांआड सापडेल. इतर गावांत लोक पाद्रीबाबांचा आणि डॉक्टरांचा नंबर ठेवतात, आम्ही लुसेलीचाही ठेवतो. कारण आमच्याकडे खूळ आहे.

खूळ म्हणजे काय ते सांगते. आमच्या घराण्यात माणूस चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा झाला की तोच प्रश्न पुन्हा विचारायला लागतो. मग चुलीवरचं दूध विसरतो, मग बाजाराची वाट, मग पोरांची तोंडं. पन्नाशी-पंचावन्नला तो खाटेवर पडून छताकडे बघत असतो आणि त्याला घास भरवावा लागतो. कुणी म्हणायचं पणजोबांनी देवळातली घंटा चोरून विकली त्याचा हा शाप. कुणी म्हणायचं आमच्या विहिरीचं पाणीच वाईट. मग मेदेयीनचे डॉक्टर आले, आमची रक्तं नेली आणि म्हणाले की शाप नाही, पाणीही नाही, हे रक्तातूनच उतरतं. आई किंवा बाप खुळा असेल तर पोरांपैकी निम्म्यांना लागतं, निम्मे सुटतात. कोण सुटलं ते रक्तात दिसतं, पण आमच्यातले बहुतेक विचारत नाहीत. मीही विचारलं नाही. माझ्या आईला खूळ होतं, मी त्रेचाळीस वर्षांची आहे, आणि मला रात्री झोप हवी असते.

आजी खुळी होऊन गेली. हेलिओदोरो मामा गेला, माझी आई गेली, आणखी दोन मामा गेले. आजीनंतरच्या सगळ्यांचे मेंदू मेदेयीनला गेले. आमच्या अंत्ययात्रेच्या गाडीच्या ड्रायव्हरला तो रस्ता डोळे मिटून येतो. सकाळी प्रेत जातं, डोक्याच्या मागून काम होतं, केस वरून सारखे केले की काही दिसत नाही, आणि दिवेलागणीला माणूस मयताला घरी हजर.

सगळ्या भावंडांत एकटी ओर्फिलिया मावशी सुटली. ऐंशी वर्षांची झाली, तरी कुणाच्या कोंबडीने कुणाच्या अळ्यात किती वेळा तोंड घातलं ते तिला पाठ असायचं. आणि सुटली म्हणजे काय, तर राबली. आईला तिने भरवलं, भावांना भरवलं, बहिणीला भरवलं. माझी आई आजारी पडली तेव्हा मी कॉलेजात होते. मावशीने मला घरी येऊ दिलं नाही. "तू आधी काहीतरी शीक. इथे चमचा धरायला मी आहे," म्हणाली. मी केस कापायला शिकून आले आणि घराच्या पुढच्या खोलीत पार्लर टाकलं. मावशी माझी पहिली गिऱ्हाईक. तिची पांढरीशुभ्र वेणी कमरेच्या खाली यायची आणि त्या वेणीचा तिला भयंकर गर्व होता. एवढी एकच ऐट तिने केली. तिला मी कधी थकलेली पाहिली नाही असं म्हणणार नाही, पुष्कळदा पाहिली. पण थकली म्हणून तिने कुणाचा घास चुकवल्याचं मला माहीत नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. लुसेली दरवर्षीसारखी आमच्या स्वयंपाकघरात बसून सगळ्यांच्या परीक्षा घेत होती. हे शब्द लक्षात ठेवा, हे चित्र काढा, असल्या. मावशी मक्याच्या आरेपा भाजत होती. मध्येच म्हणाली, "काय गं, आमच्या घरच्या डोक्यांनी तुमची कपाटं भरली असतील. अजून काही कळलं की नाही?"

लुसेली म्हणाली, "कळतंय हळूहळू, ओर्फिलियाबाई. अडचण एकच आहे. आमच्याकडे आजारी मेंदू खूप आहेत. पण त्याच घरातला, तेच खाल्लेला, तेच पाणी प्यायलेला निरोगी मेंदू शेजारी ठेवल्याशिवाय नेमकं काय बिघडलं ते समजत नाही. आणि चांगली डोकी कुणी देत नाही. लोकांना वाटतं, आपल्याला काही झालं नाही तर द्यायचं कशाला?"

मावशीने आरेपा उलटली. "मग माझं घ्या की. वापरून वापरून झिजलंय, पण बिघडलेलं नाही."

मी हसले. लुसेली हसली नाही, तिने मावशीचा हात धरला, पिठासकट.

"पण दोन अटी," मावशी म्हणाली. "एक, वेणी माझी नोहेमी घालणार. शिवण दिसली तर मी भूत होऊन हिच्या पार्लरात बसेन आणि एकही गिऱ्हाईक टिकू देणार नाही. आणि दुसरी, माझं पहिल्यांदा बघायचं. ठेवून द्यायचं नाही. घाई आहे."

"अहो, तुम्ही शंभरी गाठणार. तुम्हाला कसली घाई?"

"मला नाही गं," मावशी म्हणाली आणि पुढची आरेपा तव्यावर टाकली.

त्या वेळी मला वाटलं, म्हातारीचं काहीतरी बोलणं.

आता नावांच्या माळेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या गावात मयताला जपमाळ झाली की नावांची माळ घेतात. त्या घराण्यातल्या गेलेल्या सगळ्यांची नावं, पणजीच्या आजीपासून कालपरवाच्या माणसापर्यंत, ठरलेल्या क्रमाने. दोघीजणी म्हणतात. एकीने एक नाव घ्यायचं, दुसरीने पुढचं, आणि प्रत्येक नावाला आख्ख्या खोलीने उत्तर द्यायचं, "त्याला विसावा दे, देवा," किंवा "तिला". कागद बघायचा नाही. कागद बघून घेतलेलं नाव वर पोचत नाही अशी समजूत आहे.

आणि इथेच गोम आहे. माळ म्हणताना कुणी अडलं की खोलीतले सगळे डोळे तिकडे वळतात. परीक्षा घ्यायला लुसेली वर्षातून एकदा येते, आमच्या माळेची परीक्षा दर मयताला. माझ्या आईचं खूळ पहिल्यांदा माळेतच कळलं. ती अडली, डोळे वळले, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे कुणी कपडे शिवायला टाकले नाहीत. तेव्हा अजून तिला टाका न् टाका येत होता.

आमच्या घराण्याची माळ मावशी म्हणायची, पन्नास वर्षं तरी. आई गेल्यावर दुसरा आवाज म्हणून तिने मला शेजारी बसवलं. क्रम असा होता की हेलिओदोरो मामाचं नाव मावशीच्या वाट्याला यायचं आणि त्याच्या पुढचं, माझ्या आईचं, माझ्या वाट्याला.

मावशीच्या शेवटच्या वर्ष-दीड वर्षात या जागी गडबड व्हायला लागली. "हेलिओदोरो," मावशी म्हणायची आणि मी तोंड उघडायच्या आत कपाळावर हात मारायची. "अगंबाई, हेलिओदोरो झाला का? की मी त्याला दोनदा मारला? थांबा हं, हेलिओदोरो..." आणि मग त्या गोंधळात आईचं नावही स्वतःच घेऊन टाकायची आणि मला कोपराने ढोसायची, "चल गं, पुढचं तुझं." लोक हसायचे. मयतात हसायला मिळालं की लोकांना बरंच वाटतं. पण घरी परतताना कुणीतरी हळूच म्हणायचंच, "ओर्फिलियाबाईंचंही आता..."

मी पार्लरचं दार लावून रडले होते त्यावरून. ऐंशीव्या वर्षी का होईना, खुळाने तिलाही गाठलं असं मला वाटलं. तिला मात्र काही बोलले नाही.

तर त्या सकाळी मावशी कॉफी पिता पिता गेली. पेला अर्धा राहिला. शेजारची तुलिया, जी मावशीएवढीच जुनी आहे आणि मावशीपेक्षा जास्त बोलते, तिने डोळे मिटवले आणि मी फोन केला. लुसेली म्हणाली, "गाडी बोलावून ठेव, पण हलवू नकोस. मुलाचा होकार लागेल. मावशींची सही आहे, पण घरचे नाही म्हणाले तर आम्ही हात लावत नाही. आणि नोहे, दुपारच्या आत यायला हवं."

मुलगा म्हणजे आनिबाल, माझा मावसभाऊ. चौकात त्याचं खिळे-पत्र्यांचं दुकान आहे. बाप किनाऱ्याकडचा, परक्या रक्ताचा, आणि आई सुटलेली. त्यामुळे आनिबाल जन्मभर ताठ मानेने चालला. आमच्या गावात आमचं आडनाव लावून असं चालणारे थोडे. त्याच्या मुलीचं लग्न कॉफीवाल्या ओस्पिनांच्या घरी ठरलं होतं, आणि ओस्पिना मंडळी सून घरात घेण्याआधी तिच्या आज्या-पणज्या मोजतात.

तो आला, आईच्या पायाशी टोपी ठेवून रडला. मग गाडीचं कळलं तसा उभा राहिला.

"गाडी परत पाठव."

"अजून आलीच नाही, परत कुठून पाठवू?"

"नोहेमी, चेष्टा नको. आई कुठे जाणार नाही."

"तिची इच्छा होती, आनिबाल. तुझ्यासमोर सही केलीय तिने."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती. हे बघ, इथून ज्यांची ज्यांची डोकी मेदेयीनला गेली ते सगळे खुळे होते. एकजात. आज आईला नेलं की उद्या चौकात काय बोलतील?"

"बोलतील की बाई मेल्यावरही कामाला आली."

"बोलतील की तिलाही लागलं होतं! माझ्या पोरीचं काय? ओस्पिनांना मी काय सांगू? शेजारी ठेवायला नेलंय म्हणून? कोण ऐकून घेणार आहे?"

"मग चौकातल्या लोकांसाठी तू आईचा शब्द मोडणार?"

तो माझ्या अगदी जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आणि खोटं कशावरून असेल ते? मी काय आंधळा आहे? आपल्या चुलत घरातल्या एफ्राइनच्या मयताला आई माळेत अडकली. त्याच्या पुढच्या मयताला त्याच जागी. तू शेजारी बसली होतीस. सांग, नव्हती अडकली?"

 मीही पाहिलं होतंच की.

"उघडून बघतील आणि म्हणतील, हिलाही होतं. मग मला असेल, माझ्या पोरीला असेल. नको मला ते कळायला. तुला तुझं कळायला हवंय का? नकोय ना? मग मला का हवं असावं?"

 भीती खरी होती. मला तिचा वास ओळखता येतो. पण माझ्या डोळ्यांसमोर तो पिठाने भरलेला हात होता आणि घड्याळ पुढे सरकत होतं. मी आनिबालला बुळ्या म्हणाले, स्वार्थी म्हणाले, पत्र्याच्या काळजाचा म्हणाले. तो मला म्हणाला की तुझ्या घरचं सगळंच गेलंय, तुला गमावण्यासारखं काय आहे. बाहेर गाडी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर सवयीने मागचं दार उघडून बसला.

तुलिया दोघांच्या मध्ये आली. "पुरे. बाई थंड व्हायच्या आत पहिली माळ व्हायला हवी. ती झाली की हवं तर एकमेकांच्या झिंज्या उपटा."

ही आमची रीत आहे. पहिली माळ खाटेपाशी, अंग ऊबदार असताना. त्यापुढे कुणाचं चालत नाही. शेजारच्या बायका आत आल्या, गुडघ्यांवर बसल्या. आनिबालही बसला. मावशीचा आवाज तुलियाने घेतला, दुसरा माझा.

सुरुवात नीट झाली. जुनी नावं मला पाण्यासारखी येतात. तुलिया एक घ्यायची, मी एक, बायका उत्तर द्यायच्या. आनिबालचा आवाज त्यात मिसळत होता. पणज्या झाल्या, आज्या झाल्या.

"हेलिओदोरो," तुलिया म्हणाली.

"त्याला विसावा दे, देवा."

आणि मग मी.

मला तिचे हात दिसत होते, बोटावरचं शिवणाचं टोपण दिसत होतं. तिच्या कपड्यांना यायचा तो साबणाचा वास आला. ती मला हाक मारायची तो आवाज आला. तिचं नाव तेवढं आलं नाही. मी वाट पाहिली. मला वाटलं, आता मावशी कपाळावर हात मारेल. मी खरंच खाटेकडे वळून बघितलं.

मी आईचं नाव विसरले होते. आणि आता सांगते, ही पहिली वेळ नव्हती. ही फक्त मावशी नसतानाची पहिली वेळ होती.

आमच्या गावात अडलेल्याकडे डोळे वळतात म्हटलं ना? त्या सकाळी एकही वळला नाही. सगळ्या बायका जमिनीकडे बघत होत्या. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"एर्मेलिना," आनिबाल म्हणाला.

"तिला विसावा दे, देवा."

पुढची नावं मी बरोबर घेतली, शेवटपर्यंत.  बायका उठून गेल्या, कुणी कॉफीला, कुणी फुलांना. खोलीत आम्ही तिघं राहिलो. आनिबाल माझ्याकडे बघत नव्हता, तुलियाकडे बघत होता.

"तुलियाबाई, एफ्राइनच्या मयताला आधी कोण अडलं होतं?"

"मला नाही बाई आठवत."

"तुम्हाला माझ्या बारशाला किती डुकरं कापली तेही आठवतं. खरं सांगा."

तुलियाने मावशीच्या अंगावरची चादर उगाचच सारखी केली. "तुझी आई कधीच अडली नाही. एफ्राइनच्याही आधी, तुमच्याच आगुस्तीनच्या मयताला ही पोर अडली, जराशीच. कुणाच्या लक्षात यायच्या आत तुझ्या आईने आरडाओरडा करून सगळं स्वतःवर घेतलं. तेव्हापासून हेलिओदोरोपाशी आली की आधी हिच्या ओठांकडे बघायची आणि मग नाटक सुरू. मी शेजारीच असायचे ना! एकदा म्हटलं तिला, ओर्फिलिया, लोक तुला खुळी म्हणायला लागलेत. तर म्हणते कशी, म्हातारी चुकली तर लोक हसतात आणि विसरतात. हिच्याकडे एकदा बघायला लागले की बघतच राहतील. हिच्या हातात कात्री असते, तुलिया. पार्लर बंद पडेल तिचं."

 बाहेर ड्रायव्हरने रेडिओ लावला होता तो कुणीतरी बंद करायला सांगितला.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगते. राग आला. मावशीचा. माझीच गोष्ट आणि मलाच माहीत नाही! मग मला ती आरेपा भाजताना दिसली. घाई आहे, मला नाही गं. म्हणजे माळेत अडण्याच्याही आधी, तीन वर्षांपूर्वी, चुलीपाशी उभी राहून तिने माझ्यात काहीतरी पाहिलं होतं. पाच माणसांच्या बाबतीत ते पहिल्या दिवसापासून पाहिलेली बाई ती, तिला कशाला लुसेलीची परीक्षा लागते? आणि पाहिल्यावर तिने काय केलं? बोंब मारली नाही, नवस केला नाही. स्वतःजवळ एकच गोष्ट धड उरली होती ती देऊन टाकली, आणि तोवर लोकांचं हसू अंगावर घेत राहिली. एवढ्या मोठ्या मनाची बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि मी तिची वेणी घालत बडबड करत बसायचे.

आनिबालने माझ्या हातातला फोन घेतला.

"लुसेलीबाई? मी आनिबाल, मुलगा. हो, निघतोय आम्ही. होकार आहे." मग थोडा वेळ ऐकत राहिला. "नाही. आजारी नव्हती. शेवटच्या कॉफीपर्यंत शाबूत होती. हे तुमच्याकडे ठळक लिहून ठेवा."

फोन ठेवून त्याने टोपी उचलली आणि तिची कड फिरवत म्हणाला, "मघाशी ते, गमावण्यासारखं काय आहे वगैरे..."

"मी पण तुला पत्र्याच्या काळजाचा म्हणाले."

"ते ठीक आहे. पत्रा चांगला चालतो."

आम्ही दोघंही गाडीत पुढे बसलो, ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने. वाटभर आनिबालने टोपी गुडघ्यावर धरली होती आणि एकदा, फक्त एकदा, माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुपारच्या आत पोचलो.

मेंदूपेढीत सुरू करायच्या आधी सगळे जण टेबलाभोवती उभे राहिले आणि लुसेलीने मावशीचं पूर्ण नाव घेतलं. मग प्रत्येकजण आभार म्हणाला, मोठे डॉक्टरसुद्धा. मला वाटलं, हीपण माळच. नंतर मला आत बोलावलं. मागची शिवण बारीक होती, हात चांगला होता कुणाचा तरी. मी केस धुतले, विंचरले, मानेपाशी थोडे सैल सोडले आणि वेणी घातली. माझे हात अजून काहीही विसरलेले नाहीत. वेणी झाल्यावर मीच चारही बाजूंनी बघितलं. भुताला पार्लरात यायचं काही कारण उरलं नव्हतं.

"बघायचाय तुला?" लुसेलीने विचारलं. "मेंदू. काहीजण बघतात."

"नको. मला ती अख्खीच लक्षात ठेवायचीय, जमेल तोवर." मग मी तिला सकाळचं सांगितलं. ती नर्स आहे, तिने तोंडावर काही दाखवलं नाही, पण खुर्ची ओढून बसली. "माझी वेळ आली की माझा हिच्या शेजारी ठेव," मी म्हटलं. "ठेवशील?"

"ठेवीन. पण तू घाई करायची नाहीस."

"घाई तिला होती. तुम्ही करा घाई. मी जमेल तितका उशीर करते."

दिवेलागणीला मावशी घरी आली. पेटीच्या काचेतून सगळ्यांनी बघून घेतलं. वेणी पुढे छातीवर सोडली होती. जो तो म्हणाला, काय रूप दिसतंय बाईचं. तुलियाने गरम चॉकलेट वाटलं. खोली भरली, अंगण भरलं. पुढच्या खुर्च्यांवर ओस्पिना मंडळी बसली होती, नवरदेवाची आई काळ्या हातमोज्यांत. गाडी कुठे जाऊन आली ते एव्हाना साऱ्या गावाला माहीत होतं, आणि कुजबुज व्हायची ती चालली होतीच.

जपमाळ झाली. नावांच्या माळेला तुलिया पुढे सरकली तर आनिबाल म्हणाला, "आईचा आवाज मी घेतो." बाप्या माणसाने माळ घेतलेली आमच्याकडे फारशी बघितलेली नाही. तो माझ्या शेजारी बसला, खिळ्यांच्या दुकानाच्या मालकाचं ते एवढं मोठं धूड, आणि सुरू झाला.

जसजशी ती जागा जवळ यायला लागली तसतशी मी आनिबालच्या आणखी जवळ सरकले. मी नाव मनात धरून ठेवलं होतं. दिवसभर घोकत होते. आणि तरी, दोन नावं आधी, ते निसटलं.

"हेलिओदोरो," आनिबाल म्हणाला.

"त्याला विसावा दे, देवा."

मग त्याने माझ्या ओठांकडे बघितलं आणि खाड्‌कन स्वतःच्या कपाळावर हात मारला. "अरेच्चा! हेलिओदोरो झाला ना? की... थांबा हं, माझं पण आईसारखंच... हेलिओदोरो, हेलिओदोरो..."

इतका वाईट नट मी जन्मात बघितला नाही. आवाज भलत्याच जागी चढला, टोपी पडली. पण लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "गेला, हापण गेला!" आणि सगळे डोळे त्याच्याकडे वळले, ओस्पिनाबाईंचेसुद्धा. हातमोज्यातला हात तोंडावर गेला. आनिबालने ते बघितलं. त्याच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता. तो थांबला नाही.

"हां, सापडलं! एर्मेलिना," तो म्हणाला, आणि मला कोपराने ढोसलं, थेट मावशीसारखं. "चल गं नोहे, पुढचं तुझं."

मी पुढचं घेतलं. मग त्याने, मग मी. माळेच्या शेवटी नवं नाव जोडायचं असतं, आणि क्रमाने ते माझ्या वाट्याला आलं.

"ओर्फिलिया," मी म्हणाले. अडले नाही.

"तिला विसावा दे, देवा," सगळी खोली म्हणाली.